ओळ चार, झाड अकरा

२५ नोव्हेंबर, सोमवार

सूनबाईनं आज मला कामाला जुंपलं. एकतीस वर्षं अंगणवाडीत गावभरची पोरं सांभाळली, दीड वर्षापूर्वी निवृत्त झाले, आणि आता कुठं माझ्या जास्वंदीपाशी निवांत बसायला लागले होते. तर आज सकाळी चहाचा कप हातात देत प्रतीक्षा म्हणते, "आई, तुमचे हात लई हलके हायेत. उद्यापासून नेटात येता का?" कामापुरतं गोड बोलणं मला ओळखू येतं. खरं कारण असं की बाया मिळत नाहीत. मोठ्या शेडनेटवाल्यांनी दिवाळीच्या आधीच सगळ्या बांधून ठेवल्या. हिच्या वाट्याला आली एकटी पंचफुला.

हिचं नेट म्हणजे विहिरीपलीकडचे जाळीखालचे तीन गुंठे. आत टमाट्याच्या बारा ओळी. कंपनीला बियाणं तयार करून द्यायचं, आजमावून बघायला म्हणून एवढंच काम दिलेलं, आणि तेही प्रतीक्षाच्या नावावर. हरिओम सहा वर्षं चाकणला कारखान्यात आहे. नवराबायकोचं असं ठरलंय की हा एक हंगाम बघायचा. बियाणं पास झालं तर हरिओम गावी येणार आणि दोघं मिळून मोठं नेट टाकणार. नापास झालं तर ही सामान बांधून चाकणला जाणार. मला कुणी विचारलं नाही. मी काय, दोन्हीकडून इथंच.

जायचं तर जावं. माझी झाडं आहेत सोबतीला.

लिहायला हे अंगणवाडीचं कोरं रजिस्टर बरं सापडलं. शेवटच्या रकान्यात "शेरा" छापलेलं आहे. मोकळा रकाना मला बघवत नाही.

२६ नोव्हेंबर

काम कळलं. उद्या उमलणारी कळी दुपारी हेरायची. ती चिमट्यानं अलगद उघडायची आणि आतली पिवळी टोपी काढून टाकायची. टोपीत त्या फुलाचा स्वतःचा पराग असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बोटात प्लास्टिकची अंगठी घालायची. अंगठीला खड्याच्या जागी वाटी, वाटीत नर झाडांची पावडर. फुलाचा मधला दांडा त्या वाटीत बुडवायचा. मग फुलाखालच्या दोन हिरव्या पात्या कातरायच्या. ही खूण फळ पिकेपर्यंत राहते. ज्याच्या पात्या कातरलेल्या तेच फळ बियाण्याला घ्यायचं.

इथपर्यंत ठीक. पण जे फूल आपल्या नजरेतून सुटलं आणि आपलं आपण उमललं, ते खुडून मातीत टाकायचं! चांगलं पिवळंधमक, टवटवीत फूल. मी म्हटलं, "अगं, त्याचा काय गुन्हा?"

"उमललं हाच गुन्हा," प्रतीक्षा म्हणाली आणि कट्कन खुडलं. पंचफुला हसली. मला नाही हसू आलं. जास्वंदीचं एक फूल सरस्वतीबाईनं कुंपणावरून नेलं तर माझा दिवस खराब जातो, आणि इथं मी माझ्या हातांनी दुपारभरात साठ-सत्तर फुलं मारली.

२८ नोव्हेंबर

आज एक वाचवलं. दरवाज्याकडून चौथ्या ओळीत होते. फूल इतकं सुरेख उमललं होतं की चिमटा पुढं जाईना. नुसतं सोडून दिलं असतं तर संध्याकाळच्या फेरीत सूनबाईनं पकडलं असतं, खूण नसलेलं काही ती ठेवत नाही. मग मी त्याची पिवळी टोपी काढली, दांडा पावडरीत बुडवला, पात्याही कातरल्या. सगळं रीतसर केलं, फक्त एक दिवस उशिरा. लसीकरणाला एखादं मूल दुसऱ्या दिवशी आलं तर मी काय परत पाठवत होते?

फळ धरलं की सूनबाईला दाखवीन. बघ म्हणावं, हे तू फेकणार होतीस.

शेरा: ओळ ४, झाड ११, खालचा घोस.

३ डिसेंबर, मंगळवार

ही मुलगी मला कळत नाही. डोणगावची. घरचा बाजारातला व्यवहार, तेव्हा सगळं मापात. दोन वर्षं झाली लग्नाला, केसात एक फूल माळलेलं मी पाहिलं नाही. माझ्या अंगणात शेवंती फुलून गेलीय, ही शेजारून जाते पण मान वळवत नाही. कोरडी आहे. तिच्या वरणासारखी. त्यातही मीठ नसतं.

आज पंचफुला मला म्हणाली, "सत्यभामाबाई, तुमची सून कळीवर फुंकर मारते पयले, मंग चिमटा लावते. पाह्यलं का?" धूळ उडवत असेल.

आज विहिरीकडून सुरुवात केली, ओळी तिकडून मोजल्यात.

शेरा: ओळ ४, झाड ११ (गंमतच, तोच नंबर), मधला घोस. ओळ ५, झाड ३ आणि १९, खालचे. ओळ ६, झाड ८, वरचा. ओळ ७, झाड २, ३, १४, मधले.

८ डिसेंबर, रविवार

हरिओमचा फोन. मी म्हटलं, "तिकडं नेत का नाहीस बायकोले? काऊन इथं उन्हात तळून राह्यला तिले?"

"आई, मी तं कवाचा बोलावून राह्यलो," तो म्हणाला. "तिनंच हट्ट धरला का एक हंगाम पाहू. तीच म्हणते का घर सोडाचं नाही."

नवऱ्यापासून लांब राहायची ही कसली हौस? आमच्या वेळी रोहिणखेडहून माहेरची मंडळी न्यायला आली तरी मी दोन दिवसांत परत यायची. मी फोन लवकर ठेवला. वाचवलेल्या फुलांना बारीक हिरवे मणी धरलेत. ते मात्र बघून येते रोज.

१४ डिसेंबर, शनिवार, दत्तजयंती

सूनबाई सकाळच्या गाडीनं देऊळगाव राजाला जाऊन आली. येताना दत्तासाठी झेंडूचा भला मोठा हार आणि सुटी शेवंती. म्हणते, "आई, आज तुमची फुलं नका तोडू. झाडावरच राहू द्या." विकतची फुलं! दारात फुलं असताना! माझ्या शेवंतीला नावं ठेवायची ही एक तऱ्हा. मी तोंड फुगवून बसले. हार मात्र ताजा होता.

संध्याकाळी अंगणात सगळी शेवंती जशीच्या तशी. खूप दिवसांनी पूजेच्या दिवशी झाडं भरलेली पाहिली.

शेरा: आज गेले नाही.

२१ डिसेंबर

क्रॉसिंग, म्हणजे हे पावडर लावायचं काम, संपलं. उद्यापासून फक्त पाणी, खत आणि उमलेल ते खुडणं. माझी बोटं चिमट्यानं सोलून निघालीत. सूनबाईनं हळद-तेल गरम करून आणलं आणि मला न विचारता माझा हात ओढून घेतला. म्हणाली, "तुमच्या ओळीले लई फळ धरलं, आई. पंचफुलाहून जास्त." मी म्हटलं, "असंच." मनात म्हटलं, तुझ्या तावडीतून सोडवली म्हणून.

एकूण वाचवलेली फुलं मोजली, एका घोसात एकच. एकशे त्रेसष्ट. अंगणवाडीच्या शेवटच्या वर्षी पटावर इतकी पोरं नव्हती.

६ जानेवारी, सोमवार

आज लिहायला हात उचलत नाही. तरी लिहिते.

कंपनीचा गजेंद्र आला होता, फिल्ड बघणारा तरुण माणूस. सगळ्या ओळी फिरला, खुश होता. निघताना चहाला बसला तेव्हा मी सहज विचारलं, "बियाणं पास-नापास कसं ठरवता रे बाबा? दिसतं का डोळ्यानं?"

"डोळ्यानंच दिसते मावशी, पण मातीत," तो म्हणाला. "या बियाची रोपं आमी लावून पाहतो. मायबाप दोघाचे गुण उतरले तं बरं. शंभरात दोनाहून जास्त झाडं नुसती मायसारखी निघाली तं अख्खा लॉट बाद. अन् कोणी कितीबी जपो, एखादा टक्का तं तसाच जाते."

"मायसारखी कशी निघतील? पावडर तं सगळ्यालेच लावली."

तो हसला. "मावशी, फूल एकदा उमललं का त्याचं त्यानंच होऊन जाते. मंग वरून वाटीभर पावडर लावा, उपेग नाही. म्हणून तं उमललेलं खुडतेत."

प्रतीक्षा समोरच होती. ती म्हणाली, "आमच्या इथं तसं एकबी नाही, दादा. आईचं काम लई नीट हाये." आणि माझ्याकडे बघून हसली. मी कपबश्या उचलून आत गेले.

एकशे त्रेसष्ट.

७ जानेवारी

गप्प बसले तर कुणाला कळणार नाही. फळाला खूण आहे, रंग सारखा, आकार सारखा. नापास झालं तर म्हणता येईल की पंचफुलाचा हात चुकला. हे माझ्या मनात आलं. लिहून ठेवते, कारण आलं ते आलं.

नापास झालं तर ती जाणार. हे घर, मी आणि जास्वंद. संध्याकाळी भाकरी एक टाकायची की दीड, असा विचार करत बसायचं. नोव्हेंबरात मी मोठ्या तोऱ्यात लिहिलंय, झाडं आहेत सोबतीला म्हणून. झाडं काही हळद-तेल लावत नाहीत.

८ जानेवारी

यादी द्यायची ठरवलं. रजिस्टर द्यायचं नाही, फक्त यादी. दुपारी कोऱ्या कागदावर शेरे उतरवायला बसले. पण काही दिवस ओळी दरवाज्याकडून मोजल्यात, काही दिवस विहिरीकडून. कुठल्या दिवशी कुठून, हे त्या दिवसाचा मजकूर वाचल्याशिवाय कळत नाही. एका दिवशी नुसतंच "वाकड्या काठीशेजारचं" लिहिलंय. मजकूर वाचून वाचून अर्धी यादी केली आणि पडताळली तर चार चुका. एक चूक म्हणजे चांगला घोस जाणार आणि वाईट राहणार. माझे डोळे आता भरवशाचे नाहीत, आणि नेट जिने हातावर पाठ केलंय तिलाच हे नीट लावता येईल.

कागद चुलीत टाकला. परवापासून तोडणी.

म्हणजे तिनं सगळं वाचायचं. कोरडी. बिनमिठाचं वरण. डोणगावची. देवा, मी किती लिहून ठेवलंय.

९ जानेवारी, गुरुवार

दिलं.

सकाळी ती गोठ्यातून येत होती. मी दारातच उभी राहिले आणि रजिस्टर पुढं केलं. म्हटलं, "मी उमललेली फुलं ठेवली, प्रतीक्षा. एकशे त्रेसष्ट. पात्या कातरून ठेवली. कोणती ते यात हाये."

तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मग म्हणाली, "आई, हे काऊन केलं तुमी?"

"जीव होईना खुडाचा. मले काय मालूम होतं." मग मी तेही सांगून टाकलं. "शेरा तेवढा पाहून भागणार नाही, मजकूर वाचा लागंल. तुह्याबद्दल वंगाळ लिहिलं हाये त्यात. तेबी वाच. वाचल्याबिगर झाडं सापडाची नाहीत."

ती रजिस्टर घेऊन विहिरीवरच्या लिंबाखाली जाऊन बसली. मी घरातून बघत होते. मध्येच एकदा ती हसल्यासारखी वाटली. मग बराच वेळ पदर तोंडाला. मी भाजी निवडायला घेतली आणि निवडलेली पुन्हा न निवडलेल्यात टाकत राहिले.

दोन तासांनी आली. डोळे लाल. उन्हात वाचलं म्हणून असेल. मला वाटलं आता बोलेल, चांगलं चार शब्द सुनावील, आणि ऐकून घ्यायची माझी तयारी होती. तर ती म्हणाली, "विहिरीकडून ओळ चार म्हणजे दरवाज्याकडून नऊ ना, आई?"

मी म्हटलं, "हाव."

"मंग चला. उजेड हाये तवर करू."

१० जानेवारी, शुक्रवार

काल सुरू केलेलं आज संपवलं. ती वाचायची, मी झाड दाखवायची, ती अख्खा घोस तोडायची. घोसातली चांगली फळंही गेली, इलाज नव्हता. वाकडी काठी सापडली. "गंमतच, तोच नंबर" हे तिनं मोठ्यानं वाचलं तेव्हा मला कुठं तोंड लपवू असं झालं. पंचफुलाला तिनं सांगितलं, "कीड दिसली या घोसाले." माझं नाव घेतलं नाही.

शेवटी टोपल्यांतले घोस मोजले. एकशे चौसष्ट. ती पहिल्या ओळीतल्या पहिल्याच झाडाशी गेली होती आणि खालचा घोस तोडून आली होती. पहिल्या ओळीत मी एकदाही बसले नव्हते. सूनबाईची मोजणी चुकली, बहुधा थकली असेल. या आठवड्यात चुका काढायचा हक्क माझा नाही.

रात्री हिरव्या टमाट्याचा ठेचा आणि वरण. वरणात मीठ. चांगलंच मीठ. आम्ही दोघी दोन-दोन तांबे पाणी प्यालो आणि एकमेकींकडे न बघता जेवलो. मग तीच आधी हसली.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

सरस्वतीबाई वाणाला आल्या होत्या. जाताना मी त्यांच्या परडीत जास्वंदीची चार फुलं स्वतः टाकली. त्या इतक्या घाबरल्या की तिळगूळ घ्यायचा विसरल्या.

५ फेब्रुवारी

बियाणं धुऊन, वाळवून, पिशवीत भरून आज गेलं. एवढी फुलं, एवढी बोटं, आणि शेवटी सोनेरी केसाळ बियांची एक पिशवी. गजेंद्र म्हणाला मे उजाडेल. नेट रिकामं झालं. प्रतीक्षानं माळ्यावरची मोठी बॅग काढून झटकली, उन्हात ठेवली आणि संध्याकाळी पुन्हा माळ्यावर टाकली.

३० मार्च, रविवार, पाडवा

गुढीला गाठी आणि माझ्या कण्हेरीची माळ. प्रतीक्षानं ओवली. मी सुईदोरा देत होते. तिनं प्रत्येक फुलावर ओवायच्या आधी फुंकर मारली. धूळ नव्हतीच. सकाळीच मी झाड धुतलं होतं.

तिनं उरलेल्यातलं एक फूल हातात धरलं आणि म्हणाली, "माह्या मायच्या दारात कण्हेर होती. माय गेली तवापासून मी फूल नाही माळलं, आई." इतकंच. मग गुढी बांधायला उठली.

दोन वर्षं. दोन वर्षं एका घरात राहिले; तिला आई नाही एवढं माहीत होतं, फुलाचं कारण मी कधी विचारलं नाही. अंगणवाडीत प्रत्येक पोराच्या आईचं नाव मला पाठ असायचं.

२२ मे, गुरुवार

पास!

साडेदहाला गजेंद्रचा फोन आला. शंभरात एकच झाड आईसारखं निघालं. प्रतीक्षानं फोन कानाला लावून "हाव, हाव" एवढंच केलं, मग फोन पीठ असलेल्या परातीत ठेवला आणि मला मिठी मारली. माझ्या पाठीवर पिठाचे दोन पंजे. मी रडले, ते सरळ लिहिते. हरिओमला मीच सांगितलं. तो म्हणाला, "मंग देतो राजीनामा." दहा जूनपर्यंत येतो म्हणाला. मोठ्या नेटाची जागा विहिरीच्या अलीकडं, गोठ्याच्या बाजूनं. दारात बसलं तरी दिसेल.

हे सगळं कुठून सुरू झालं ते बघावं म्हणून आज मागची पानं उघडली. जानेवारीपासून लाजेनं उघडलीच नव्हती. अठ्ठावीस नोव्हेंबरचं पान आलं. "आज एक वाचवलं." शेऱ्यात माझी ओळ चार, झाड अकरा. आणि त्याच्या खाली पेन्सिलनं, बारीक, तिच्या अक्षरात:

"ओळ १, झाड १, खालचा घोस. पहिल्याच दिवशी मीही एक ठेवलं होतं. तेही तोडलं."

एकशे चौसष्ट.

मग पेन घेतलं आणि तिच्या ओळीखाली, एकतीस वर्षं लिहीत आले तसं लिहिलं: नोंद घेतली. खाली सही.

रजिस्टर गव्हाच्या कोठीमागं लपवून ठेवायची सवय होती. आज ते दिवाणावर ठेवलंय, पेन्सिलीसकट.